कुणी मोजलं, कुठं, कधी? लशीबद्दलचा मेसेज तपासायची कोल्हापुरी रीत

जुलै उजाडला की कोल्हापुरात एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या पोरापोरींना पहिल्या पावसाळ्यात हे गणित कळत नाही. रात्री अकराला हॉस्टेलच्या ग्रुपवर ‘राधानगरी फुटलं, पाणी शहरात शिरतंय’ असं येतं, नवी मंडळी बॅगा भरायला घेतात, आणि शेजारच्या खोलीतला कागलचा पोरगा पांघरुणातूनच विचारतो, “फूट किती? सांगितलं कुणी?” राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात उघडतातच, हे त्याला माहीत असतं. ‘दार उघडलं’ आणि ‘धरण फुटलं’ यांतला फरक तो घरीच शिकून आलेला असतो. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा त्याच्या घरच्यांनीही सामान हलवलं असेल, पण ते आकडा बघून.

हाच पोरगा लशीबद्दलचा रील आला की मात्र काही विचारत नाही. लगेच स्टेटसला टाकतो.

मी गडहिंग्लजकडची, सध्या विद्यापीठात एम.एस्सी. करते. एनएसएसच्या निमित्ताने दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलामुलींशी या विषयावर बोलते. त्यातलं उपयोगी पडलेलं इथे क्रमाने लिहितेय. अठरा पूर्ण झाली की लस घ्यायची की नाही हा निर्णय तुमचा असतो. आईने धरून नेण्याचे दिवस संपतात आणि नेमके त्याच वर्षी तुम्ही पन्नास ग्रुपांत सामील होता.

आधी बोट थांबवा

मेसेज वाचून पोटात गोळा आला किंवा डोकं तापलं, तर तो पुढे पाठवायचा नाही. निदान तासभर तरी. हे मी शहाणपणाने सांगत नाही, चूक करून सांगतेय.

एप्रिल २०२१. कॉलेज मोबाइलवरच भरायचं. १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना कोरोनाची लस मिळणार असं जाहीर झालं होतं आणि त्याच आठवड्यात मेसेज फिरायला लागला: ‘मुलींनी पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर लस घेऊ नये, तेव्हा प्रतिकारशक्ती कमी असते.’ भाषा काळजीची होती, खाली हात जोडलेले. मी तीन ग्रुपांवर पाठवला. माझ्या मावशीला त्या गुरुवारची वेळ मिळाली होती. तिने माझा मेसेज वाचून ती सोडून दिली, कारण ‘आपली पोरगी सायन्सला आहे, तिनं पाठवलंय.’ त्या दिवसांत दुसरी वेळ मिळणं म्हणजे काय होतं ते आठवत असेल. तिला लस मिळेपर्यंत सहा आठवडे गेले. मेसेज खोटा आहे हे केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने काही दिवसांतच सांगितलेलं, पण ते मावशीपर्यंत पोचलं नाही. माझं मात्र पोचलं होतं.

मग बाणांकडे बघा

व्हॉट्सॲपच्या मेसेजवर दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं, तर तो मूळ माणसापासून किमान पाच हात फिरून आलाय. म्हणजे ज्याने पाठवला त्याला विचारून उपयोग नाही, त्यालाही कुणीतरी पाठवलेला असतो. फॉरवर्डवरच्या मर्यादेचा इतिहास आपल्याच राज्याशी जोडलेला आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भटक्या लोकांना ठेचून मारलं. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

आता मेसेज सोला

राजारामपुरीतल्या आमच्या खोलीत घडलेली गोष्ट. माझी रूममेट इथलीच, शिरोळकडची. एक दिवस मोबाइल पुढे करून म्हणाली, “मी तर घेणार न्हाई बाई ती लस. मी परवाच वाचलो, मूल हुईत न्हाई म्हणं.” (अमरावतीहून आलेली तिसरी रूममेट आधी त्या ‘वाचलो’वर हसली. कोल्हापुरात मुली ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, सवय करून घ्या.) मेसेज असा होता:

‘सावधान!! कॅन्सरच्या नावाखाली मुलींना दिली जाणारी लस घेतल्यावर मूल होत नाही. अमेरिकेत बंदी. एका मोठ्या डॉक्टरांनी नाव न सांगण्याच्या अटीवर सांगितले. लेकीबाळींना वाचवा. वीस जणींना पाठवा.’

वहीचं पान घेतलं. ‘सावधान’ काढलं, ‘लेकीबाळी’ काढल्या, ‘वीस जणींना’ काढलं. ‘मोठे डॉक्टर’ही काढले, कारण नाव नसलेल्या डॉक्टरला विचारणार कुठे? उरली दोनच वाक्यं. एक, एचपीव्ही लशीने (गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची लस) वंध्यत्व येतं. दोन, अमेरिकेत तिच्यावर बंदी आहे. तपासता येतील अशी एवढीच. मेसेज कितीही लांब असला तरी सोलल्यावर बहुतेक वेळा दोन-तीनच वाक्यं हाती लागतात, कधीकधी एकही नाही.

दुसरं वाक्य दोन मिनिटांत पडलं. अमेरिकेत ही लस २००६ पासून आहे आणि तिथे अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना ती द्या असंच सांगितलं जातं. पहिल्यावर मात्र संध्याकाळ गेली.

त्याच पानावर रेंगाळू नका

आपण काय करतो, तर ज्या पानावर दावा आहे तेच खालपर्यंत वाचतो. लोगो छान आहे, ‘आमच्याविषयी’ आहे, म्हणजे खरं असेल. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, पदवीचे विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर यांना तीच संकेतस्थळं तपासायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी पान वाचत बसले आणि बरेच फसले. फॅक्ट-चेकर काही सेकंदांतच पान सोडून नव्या टॅबमध्ये ‘हे लोक कोण?’ हे शोधायला गेले. लग्नाचं स्थळ आलं की आपण स्थळाच्या घरीच ‘तुम्ही कसे आहात हो?’ असं विचारून थांबतो का? गल्लीत चौकशी करतो. तेच.

मग चौकशी कुठे करायची? जागतिक आरोग्य संघटना, आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद). मराठीतून हवं तर फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर यांच्या मराठी आवृत्त्या आहेत. सोललेलं वाक्य शोधपट्टीत टाका आणि पुढे ‘फॅक्ट चेक’ लिहा. निम्म्या वेळा कुणीतरी आधीच काम करून ठेवलेलं असतं.

एक सावधगिरी. दहा चॅनेलवर आलं म्हणजे दहा सोर्स झाले असं नाही. २ फेब्रुवारी २०२४ ला अभिनेत्री पूनम पांडे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्याची पोस्ट तिच्या इन्स्टाग्रामवर आली आणि भल्याभल्यांनी बातमी चालवली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच व्हिडिओत आली, म्हणाली, जनजागृतीसाठी केलं. बातम्या ढीगभर होत्या, मोजणारं कुणीच नव्हतं. सगळ्या एका पोस्टकडे बोट दाखवत होत्या.

फोटो जुना वाटला तर गूगल लेन्सवर टाका, तो पहिल्यांदा कधी दिसला ते बहुधा सापडतं. पण सगळं लेन्सवर सोडू नका. जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका आजोबांच्या अंगाला लस घेतल्यावर नाणी, चमचे चिकटतात असा व्हिडिओ टीव्हीवर गाजला. व्हिडिओ खरा होता, काटछाट काही नव्हती, नाणी खरोखर चिकटत होती. आम्ही मेसमधला स्टीलचा चमचा घेऊन, लस न घेतलेल्या मित्राच्या घामेजल्या छातीवर लावला. चिकटला. मग टाल्कम पावडर चोळून लावला. पडला. अर्धा मिली लशीत लोहचुंबक असल्याचा दावा तिथेच संपला. घाम आणि तेलकट कातडी, बाकी काही नाही.

‘नंतर’ की ‘मुळे’

इथे मात्र घाई करू नका, सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात.

जिममध्ये कोसळलेल्या पंचविशीतल्या मुलाचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. खाली लिहिलेलं असतं, ‘कोरोना लशीचे दोन डोस घेतले होते.’ असणारच. २०२१-२२ या दोन वर्षांत देशातल्या बहुतेक प्रौढांनी घेतले होते. त्यानंतर कुणालाही काहीही झालं तरी ते लशीनंतरच झालेलं असणार. कोल्हापुरात हार्ट अटॅक आलेल्या माणसाने त्या आठवड्यात मिसळ खाल्लेली असण्याची शक्यताही भरपूर आहे. (मिसळीबद्दल डॉक्टर वेगळं सांगतील, तो भाग निराळा.) प्रश्न असा विचारायचा: ज्यांनी घेतली नाही त्यांना हे किती वेळा झालं?

आयसीएमआरने नेमकं हेच विचारलं. देशातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, आधी धडधाकट असलेल्या आणि अचानक मेलेल्या ७२९ जणांची माहिती घेतली, आणि त्याच वयाच्या, त्याच परिसरातल्या २,९१६ जिवंत माणसांशी ती ताडून पाहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आला: लशीने अचानक मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. वाढलेला दिसला तो कोरोनाने आधी रुग्णालयात भरती झालेल्यांत, कुटुंबात आधी कुणाचा असा अचानक मृत्यू झाला होता त्यांच्यात, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत किंवा अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांत. कुणी मोजलं, कुठं, कधी, तिन्हीची उत्तरं इथे मिळतात.

मोजण्याचा आकारही बघा. लशीने ऑटिझम होतो हा दावा १९९८ च्या ज्या निबंधातून निघाला, त्यात मुलं होती बारा. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला आणि लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं. तरी त्या बारा मुलांचा दावा मराठी रीलमध्ये अजून जिवंत आहे. याउलट स्वीडनमध्ये सोळा लाखांहून जास्त मुली-बायकांच्या नोंदी तपासल्या. सतराव्या वर्षाआधी एचपीव्ही लस घेतलेल्यांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी आढळला. हे छापून आलं २०२० मध्ये. माझ्या रूममेटच्या पहिल्या वाक्याचं उत्तरही याच वाटेने मिळालं. ऑस्ट्रेलियात २००७ पासून शाळाशाळांतून ही लस देतात. तेव्हाच्या मुली आता तिशीत आहेत, त्यांची पोरं शाळेत जातात. लशीमुळे वंध्यत्व येतं असं इतक्या वर्षांच्या नोंदींत आढळलेलं नाही.

टक्के बघताना खालची संख्या

‘दवाखान्यात भरती झालेल्यांत लस घेतलेलेच जास्त!’ अशी बातमी आली की हॉस्टेलचं उदाहरण घ्या. समजा शंभर जण आहेत. नव्वदांनी लस घेतली, दहांनी नाही. साथ आली. घेतलेल्यांतले नऊ आजारी, न घेतलेल्यांतले पाच. आजारी चौदा, त्यांत नऊ लसवाले, बातमी तयार. पण नव्वदांत नऊ म्हणजे दहातला एक, आणि दहांत पाच म्हणजे निम्मे. हे एवढं एकदा कागदावर मांडलंत की आयुष्यभर पुरतं.

अफवेतलं खरं बाजूला काढा

लशीच्या बाजूने बोलणारे आम्ही लोक इथे चुकतो. ‘सगळं खोटं आहे’ म्हणून मोकळे होतो आणि समोरच्याला त्यातलं थोडं खरं माहीत असतं. मग तो आपलं काहीच ऐकत नाही.

एचपीव्हीच्या बाबतीत ते खरं असं. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना ही लस एका प्रकल्पात दिली गेली. त्यांपैकी सात मुली पुढे मरण पावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. त्यांत कुणी बुडाली होती, कुणाला साप चावला होता, कुणी कीटकनाशक घेतलं होतं. पण त्याच चौकशीत आणि २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात दुसरी गोष्ट पुढे आली: खम्ममच्या वसतिगृहांतल्या पुष्कळ मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. लशीने मारलं नाही, पण विचारलंही नाही. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या मुलीला याचा राग यायलाच हवा. मला येतो. तो राग लशीवर काढायचा की ‘मला आधी समजावून सांगा, मग सही घ्या’ असं ठणकावण्यात वापरायचा, एवढंच ठरवा.

कोविशील्डचंही तसंच. ‘कंपनीने कोर्टात कबूल केलं’ ही बातमी एप्रिल-मे २०२४ मध्ये आली आणि घरोघरी घाबरगुंडी उडाली. रक्ताच्या गुठळ्यांचा तो अत्यंत क्वचित होणारा त्रास खरा आहे, पण तो २०२१ मध्येच जाहीर झाला होता. बातमी नवी होती, माहिती तीन वर्षं जुनी. शिवाय तो त्रास होतो तो डोसनंतरच्या काही आठवड्यांत. तीन वर्षांनी छातीवर हात ठेवून बसायचं कारण नव्हतं. म्हणून बातमीची तारीख आणि घटनेची तारीख दोन्ही बघा.

पाळीचंही सांगून टाकते. माझा तो मेसेज खोटाच होता. पण नंतरच्या संशोधनात डोसनंतर पाळीचं चक्र सरासरी एखाद्या दिवसाहूनही कमी लांबतं आणि पुन्हा जागेवर येतं असं दिसलं. मैत्रीण म्हणाली ‘माझी पाळी पुढे गेली’, तर तिला वेड्यात काढू नका.

घरी बोलताना

रविवारी फोनवर आई म्हणते, “आत्याच्या गावात एका पोरीला लय ताप आला म्हणं.” इथे आयसीएमआर काढू नका. आधी मान्य करा: “व्हय आई, ताप येतो. दंड दुखतो. दोन दिवसांत जातो.” मग विचारा, “पुढं काय झालं तिचं? बरी आहे न्हवं?” बहुतेक वेळा पोरगी बरी असते, आणि ते आईच्याच तोंडून आलं की अर्धं काम होतं. वडिलांशी, आजोबांशी ग्रुपवर सगळ्यांसमोर वाद घालू नका. खासगीत फोन करा. “पप्पा, तुम्हाला हे कुणी पाठवलं?” एवढा प्रश्न पुरतो. गावची आशाताई तुमच्यापेक्षा जास्त घरं ओळखते, तिला मध्ये घ्या.

आणि चुकीचं तुम्हीच पाठवलं असेल तर ज्या ग्रुपवर पाठवलं तिथेच लिहा, ‘मी काल पाठवलेलं चुकीचं होतं.’ गुपचूप डिलीट केल्याने ज्यांनी आधीच वाचलं त्यांच्या डोक्यातून ते जात नाही.

तुमच्या वयाला लागणाऱ्या लशी

यादी छोटी आहे. एचपीव्ही: २६ वर्षांपर्यंत, मुलग्यांसाठीही परवानगी आहे, पंधराव्या वर्षानंतर तीन डोस, पहिल्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. धनुर्वाताची: पुरानंतर गाळ काढायला जाणार असाल तर आधीच. हिपॅटायटिस बी: नर्सिंग, लॅब, मेडिकलवाल्यांनी लहानपणी घेतली आहे का ते तपासा. आणि रेबीज. रात्री मेसवरून परतताना कुत्रं चावलं आणि ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ या भीतीने पोरगं गप्प बसलं, असं मी पाहिलंय. चौदा इंजेक्शनांचा जमाना कधीच संपला. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा. सुई दंडात असते आणि चार-पाच फेऱ्यांत संपतं. रेबीज झाल्यावर मात्र उपाय नाही, त्यामुळे इथे तासभर थांबून मेसेज तपासायचा नसतो.

लस घ्यायच्या दिवशी

खाऊन जा. या वयात सुई बघून चक्कर येणं अगदी नेहमीचं आहे, आणि तीही पैलवान पोरांना जास्त, असा आपला माझा अनुभव. कसली ॲलर्जी असेल, ताप असेल, गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी सांगा. बाटली बघायला मागा, कुणी रागावत नाही. सरकारी लसीकरणातल्या बाटलीच्या लेबलवर किंवा झाकणावर एक छोटा जांभळट गोल असतो आणि त्याच्या आत फिका चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. चौकोन गोलाइतकाच किंवा जास्त गडद झाला असेल तर तिला जास्त उष्णता लागलीय, ती बाद. बाटलीला किती उष्णता लागली ते मोजणारं एवढंसं यंत्र लेबलवरच चिकटवलेलं असतं, आणि ते कुणाच्याही डोळ्यांनी वाचता येतं.

नंतर अर्धा तास तिथेच बसा. क्वचित होणारी तीव्र ॲलर्जी बहुधा याच वेळात दिसते आणि औषध तिथे हाताशी असतं. घरी गेल्यावर काही वेगळं वाटलं तर त्याच केंद्रात जाऊन नोंद करायला लावा; अशा नोंदींतूनच पुढचे आकडे तयार होतात. कार्डावर लशीचं नाव, बॅच नंबर, आजची आणि पुढची तारीख लिहिली आहे ना ते बघून त्याचा फोटो काढा. तिसऱ्या डोसची तारीख हमखास परीक्षेत नाहीतर सुट्टीत येते. चुकली तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला डोस जमेल तेव्हा घ्या. माझ्या रूममेटचा तिसरा राहिला होता, तो तिने दिवाळीनंतर घेतला. येताना माझ्यासाठी चिठ्ठी घेऊन आली: बॅच नंबर, तारीख, आणि खाली ‘चौकोन फिका होता, मी बघितलो.’